हाताची घडी, तोंडावर बोट आणि एक सिंफनी

आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम दर रविवारी असते. त्यातला अर्धा वेळ तारा जुळवण्यात जातो, उरलेल्यातला अर्धा चहात. राहिलेल्या वेळात आम्ही काय वाजवलं ते सोमवारी कुणाला आठवत नाही, पण काय घडलं ते मात्र वर्षानुवर्षं विसरत नाही! पाहुणे येतात, डोळे मोठे करून विचारतात, "बाई, धामापुरात सिंफनी ऑर्केस्ट्रा? खरंच?" मी म्हणते, बसा, आधी चहा येऊ दे. मग एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. चहा निवतो, पण पाहुणा काही उठत नाही.

तर तुम्हीही बसा. मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवते आणि ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. घरातली सगळी कामं तीच करते आणि फोटोत मात्र कुणाला दिसत नाही.

* * *

सगळं सुरू केलं अण्णा गावड्यांनी. अण्णा मिलिटरीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. रिटायर होऊन गावी आले ते एका ट्रंकेत कपडे आणि दुसऱ्या ट्रंकेत नुसते कागद घेऊन! कागद एका सिंफनीचे. चार भागांची भलीमोठी सिंफनी, प्रत्येक वाद्याचे कागद वेगळे. फार जुन्या काळी कुणा परदेशी माणसाने लिहिलेली. त्याचं नाव आमच्यात प्रत्येक जण वेगळं उच्चारतो, म्हणून आम्ही तिला नुसतं 'मोठी' म्हणतो.

अण्णांनी तरुणपणी ही मोठी एकदाच समोर बसून ऐकली होती. तीही अर्धीच! मध्येच ड्यूटीची हाक आली आणि बिचारे उठून गेले. शेवट ऐकायचा राहिला तो राहिलाच. पुढे आयुष्यभर त्यांनी तो कुठल्या यंत्रावरही ऐकला नाही. "अण्णा, मोबाइलार मिळतली," असं कुणी म्हटलं की उसळायचे, "मोबाइलार जेवणाचो फोटो बघून पोट भरता काय रे? माका ती माणसांनी वाजवलेली आयकाची आसा. आमच्या माणसांनी!"

एवढीच त्या माणसाची इच्छा. मोठी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा.

त्यांनी गावोगाव निरोप धाडला, "जेच्याकडे जा वाद्य आसा, ता घेऊन येवा." रविवारी शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी! आणि सगळ्यांच्या डोक्यावर काय? पेट्या! प्रत्येक वाडीचं भजन मंडळ आपली पेटी घेऊन हजर. दोन पखवाज, झांजांची रास, एक सनई, आणि एक गृहस्थ चक्क शंख घेऊन आलेले.

अण्णा हळूच म्हणाले, "सिंफनीत पेटी नसता."

 भिकाजीबुवा उठले. बुवा म्हणजे आमच्या पट्ट्यातले पहिल्या नंबरचे भजनी बुवा. त्यांनी शब्द टाकला की चार वाड्या हलतात. "पेटी नाय? मगे सूर कोण धरतलो?"

"व्हायोलिन."

आरोंद्याहून फर्नांडिस सर आले होते. व्हायोलिन शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. गोव्यात घराघरांत भिंतीवर टांगून ठेवलेली जुनी व्हायोलिनं गोळा करून त्यांनी आणली होती. त्यातलं एक उचलून त्यांनी असं काही वाजवलं की माझ्या अंगावर काटा आला. बुवांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग जवळ गेले, व्हायोलिन हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, भोकातून आत पाहिलं.

"बरा आसा," ते म्हणाले. "पण ह्येका भातो नाय. मगे वारो खंयसून येता?"

* * *

आता डबलबारी. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला सवाई उत्तर द्यायचं आणि गावाने जेवणखाण विसरून ऐकत बसायचं. भिकाजीबुवांचे जन्माचे प्रतिस्पर्धी म्हणजे सोनूबुवा. हे दोघे कधीही एकत्र सुरुवात करत नाहीत. 'तेच्या मागसून कित्याक?' म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी घुसतो!

फर्नांडिस सरांनी दोन्ही बुवांना पेटीवरून व्हायोलिनवर आणलं, आणि अण्णांनी भोळेपणाने भिकाजीबुवांना फर्स्ट व्हायोलिनमध्ये बसवलं आणि सोनूबुवांना सेकंडमध्ये. सोनूबुवांनी शांतपणे विचारलं, "सेकंड म्हणजे दुसरो मां?" अण्णा म्हणाले, "व्हय." सोनूबुवांनी व्हायोलिन पेटीत घातलं, पेटीला कडी लावली आणि निघाले! महिनाभर तालमीकडे फिरकले नाहीत. शेवटी अण्णांनी नावंच बदलली. उजवी बारी आणि डावी बारी. दुसऱ्या रविवारी सोनूबुवा सगळ्यांच्या आधी हजर.

पण खरी गंमत पुढेच. मोठीच्या दुसऱ्या भागात उजव्या बारीने एक ओळ वाजवायची आणि डाव्या बारीने तीच ओळ हळूच परत म्हणायची. कागदावर लिहिलेलं, 'अगदी हळू'. उजव्या बारीची ओळ संपली आणि सोनूबुवा ताडकन उभे राहिले! तीच ओळ दुपटीने मोठी वाजवली, शेपटाला स्वतःची एक तान जोडली आणि भिकाजीबुवांकडे बोट करून म्हणाले, "ह्येका म्हणतत उत्तर!"

भिकाजीबुवा खुर्चीवर चढले. खोटं सांगत नाही, खुर्चीवर!

अण्णा ताल दाखवायची काठी आपटत ओरडताहेत, "सामनो नाय हो! सामनो नाय! दोघे एकाच बाजूचे!"

"एकाच बाजूचे?" बुवा खुर्चीवरूनच म्हणाले. "मगे समोर कोण?"

"समोर लोक."

"ते कधी म्हणतले?"

"ते म्हणूचे नाय. ते गप बसतले."

बुवा हळूहळू खाली उतरले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, एवढा उतरलेला. म्हणाले, "अण्णा, ह्या कसला भजान? लोकांनी गजर करूचो नाय, तर देव आयकतलो कसो?"

 अण्णांनी काठी उचलली आणि म्हणाले, "परत. पयल्यापासून."

* * *

एक छोटासा.

जगातले सगळे ऑर्केस्ट्रे म्हणे ओबो नावाच्या फुंकवाद्याच्या सुराला आपल्या तारा जुळवतात. आमच्याकडे ओबो नाही. सनई आहे. ती वाजवतात दाजी, देवळातले सनईवाले, आणि दाजींची सनई त्यांच्या आजोबांच्या वेळची. तिचा सूर ठरलेला. जग इकडचं तिकडे झालं तरी हलणार नाही. शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा दाजींच्या सुराकडे सरकला.

फर्नांडिस सरांनी यंत्र लावून सूर मोजला आणि घाम पुसत म्हणाले, "तुमचा सूर जगापेक्षा वर आहे हो!"

दाजींनी पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "वयर आसा मां? खाली नाय मां? मगे बरा."

* * *

डबल बास नावाचं वाद्य तुम्ही पाहिलंय का? माणसाहून उंच व्हायोलिन! ते गोव्यात मिळालं, पण आणायचं कसं? बबलो म्हणाला, "माजो टेंपो आसा मां!" बबलो मासळीचा धंदा करतो. म्हापशाला मासळी टाकून परत येताना त्याने रिकाम्या खोक्यांमध्ये तो बास आडवा घातला, वरून ताडपत्री, आणि उन्हाने तडकू नये म्हणून मायेने खाली बर्फ!

वाद्य उचलायला ताकद लागते म्हणून ते वाजवायलाही बबलोच बसला. पहिल्या तालमीत त्याने बो, म्हणजे तो गज, फिरवला आणि सगळा हॉल बांगड्याच्या वासाने भरला. वास म्हणजे काय वास! दुसऱ्या रविवारी खिडकीत एक मांजर. त्याच्या पुढच्या रविवारी चार. मग तर मांजरं वेळेवर येऊन बासभोवती गोल करून बसायला लागली. इतकी शिस्त डाव्या बारीला कधी जमली नाही.

व्हिनेगर झालं, लिंबू झालं, ऊन दाखवून झालं. वास ढिम्म! मग कुडाळहून एक संगीताचे जाणकार तालमीला आले. शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, पण तो बास... त्यात काहीतरी खोल आहे."

बबलो अभिमानाने म्हणाला, "खोल म्हणजे? भर दर्यातला आसा!"

* * *

आता मोठी. कुणकेश्वरच्या बाजूला एका कार्यक्रमात आम्हाला बोलावलं. समुद्रावर मांडव, खुर्च्या, लायटिंग. अण्णा नवा कोट घालून!  आज मोठी पुरी होणार!

अध्यक्ष होते नाना गावकर. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचे अध्यक्ष नानाच असतात. गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि माइक दिसला की नानांना राहवत नाही.

पहिला भाग झाला. आणि झाला की हो! सुरुवात चुकली नाही, शेवट चुकला नाही, दोन्ही बाऱ्या जवळपास एकत्र संपल्या. अण्णांनी काठी खाली केली, रुमालाने कपाळ पुसलं आणि दुसऱ्या भागाचं पान उलटलं. तेवढ्यात टाळ्या! टाळ्या म्हणजे थांबेचनात. आणि टाळ्या संपल्या तेव्हा माइक नानांच्या हातात होता.

नानांनी मांडववाल्याचे आभार मानले. लायटिंगवाल्याचे मानले. खुर्च्या, चहा, पाणी, झाडलोट, कुणाला सोडलं नाही. अण्णांना बोलावून शाल पांघरली, श्रीफळ दिलं. अण्णांच्या एका हातात काठी, एका हातात नारळ! मग नाना म्हणाले, "सर्वांनी जेवल्याशिवाय जाऊ नये, ही नम्र विनंती." जेवणाचं नाव निघाल्यावर कोण बसतंय? मांडव रिकामा!

अण्णा नानांच्या मागे धावले. "नाना! अजून तीन भाग आसत!"

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आसांदेत. ते पुढच्या वर्षाक."

त्या दिवसापासून माझ्यावर नवीन काम आलं. लोकांना टाळ्या वाजवू न देणं! मी म्हटलं, सोपं आहे, आयुष्यभर तेच केलंय. वाडीवाडीत जाऊन सांगितलं, भागांच्या मध्ये टाळी नाही, आवाज नाही. मोठी सुरू झाली की सगळ्यांनी काय करायचं? हाताची घडी, तोंडावर बोट! मी मान हलवल्याशिवाय बोट काढायचं नाही. अर्धं गाव माझ्याच हाताखालून गेलेलं. सरपंचसुद्धा मुकाट्याने घडी घालून बसायला शिकले.

* * *

मध्यंतरी अण्णांचे कान जायला लागले.

पहिल्यांदा कळलं काकींना. काकी म्हणजे अण्णांच्या मिसेस. "कुकर शिट्ट्यो मारून मारून थकलो, नि ह्ये बाजूक बसून पेपर वाचतत!" कुडाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान वरून खाली जाताहेत. आधी बारीक, उंच आवाज जातील, मग त्याच्या खालचे.

अण्णांनी काकींकडे बोट दाखवून विचारलं, "हिचो आवाज कधी जातलो?"

डॉक्टर म्हणाले, "तो सगळ्यात शेवटी."

कानात घालायची मशीन मिळाली. पण डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, हिने बोलणं चांगलं कळेल, वाद्यांचं मात्र सांगता येत नाही, काहींना ती पत्र्यासारखी लागतात. झालं! अण्णांनी मशीनचा डबा मिटला. "आधी मोठी. मगे मशीन." काकींनी तो डबा मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवून दिला. रोज सकाळी एकदा त्याच्याकडे बघायच्या आणि एकदा अण्णांकडे.

तेव्हापासून काकींचं सगळं बोलणं ओरडून. वाडीत कुणाला बातम्या लावायची गरज उरली नाही. त्यांच्याकडे आज काय रांधलं, कुणाचं पोट बिघडलं, सगळं सगळ्यांना माहीत. एकदा अण्णांनी अंगणातून हाक मारली, "अगो, माजी पँट खंय आसा?" काकी आतून ओरडल्या, "बघा थंयच खंय तरी ऽऽ!" आणि पलीकडच्या वाडीतून तिसऱ्याच बाईचं उत्तर आलं, "दोरयेर आसा गो काकी ऽऽ!"

आम्ही हसलो खरे. पण पुढच्या तालमीत बासरीवाल्या पोरीने आपली ओळ वाजवली, आणि अण्णा तिच्याकडे काठी दाखवून वाट बघत राहिले. तिची ओळ वाजवून झाली होती.  तिने मुकाट्याने परत वाजवली, आणि अण्णांनी तिच्या बोटांकडे बघत मान डोलावली. घरी जाताना मला रडू आवरेना. बासरी गेली होती. आता व्हायोलिनची पाळी.

* * *

म्हणून आम्ही घाई केली. मे महिन्यातच घातला घाट! शाळेचा हॉल, सगळा गाव घडी घालून बसलेला. आणि त्या वेळी आमच्याकडे नवीन काय आलं होतं? टिंपनी! तांब्याच्या हंड्यांसारखे मोठाले नगारे. वाजवायला उज्ज्वला, आमची अंगणवाडीची बाई. शिमग्यात ढोल वाजवते तेव्हा तिच्यासमोर पुरुष टिकत नाहीत.

पहिला भाग झाला. चिडीचूप! दुसरा झाला. तिसरा झाला! मी व्हायोलाआडून लोकांकडे बघत होते. तोंडावरचं एक बोट हललं नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले. चौथ्या भागाची सुरुवात टिंपनीने आहे. अगदी बारीक गुरगुर, मग वाढत वाढत मोठी. उज्ज्वलाने इतकी सुंदर धरली म्हणता, जणू डोंगरापलीकडून येतेय.

मागच्या रांगेतली एक वहिनी उठली आणि तिने एकच शब्द उच्चारला.

"सोलां!"

मे महिना! घरोघरी खळ्यात कोकमाची सोलां वाळत घातलेली! वर्षाची सोलकढी, वर्षाची आमटी त्यावर. गडगडलं की सोलां आत घ्यायची, हे आमच्या रक्तात. सगळ्या बायका उठल्या, मग पुरुष उठले, मग डावी बारी उठली. भिकाजीबुवा बो हातात घेऊनच पळाले. बबलोने बास भिंतीला टेकवला आणि गेला. मीही गेले! तुमच्यापासून काय लपवायचं?

बाहेर आभाळ निरभ्र.

अण्णांनी डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये ते, काकी आणि उज्ज्वला. ती आपली मान खाली घालून गडगडाट करतेच आहे.

"उज्ज्वला," अण्णा म्हणाले, "तुजी सोलां?"

"माजी कालच भरून झाली, अण्णा."

आम्ही परत आलो, नाही असं नाही. पण सगळ्यांचे हात लालभडक आणि आंबट! त्या हातांनी कोण तारांना हात लावणार?  अण्णा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एकेक कागद गोळा केला आणि ट्रंकेत ठेवला.

* * *

आता शेवटचा. 

थंडीत धामापूरच्या तळ्याकाठी, देवळासमोर मांडव घातला. सोलां नाहीत, काजू नाहीत, भात घरात येऊन पडलेलं. कुणाला पळायला काही कारणच ठेवलं नाही! अण्णांना आता व्हायोलिनच्या वरच्या तारा ऐकू येत नव्हत्या. तालमीत त्यांनी स्वतःच सांगितलं, "ह्या वेळाक नाय झाली, तर माज्यासाठी वाजवची गरज नाय."

मोठीचा शेवट कसा आहे सांगते. सगळ्या ऑर्केस्ट्राचा एक जबरदस्त घाव. मग मोकळी जागा. अण्णा काठी वर धरून उभे. परत घाव. परत मोकळी जागा. मग शेवटचा घाव आणि संपलं. त्या मोकळ्या जागांसाठी अण्णांनी आम्हाला किती छळलं! "हयसर कोणी श्वाससुद्धा घेवचो नाय! मोठीचो सगळो जीव हयसर आसा!"

सुरुवातीला नाना गावकरांचं गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. नानांना आम्ही आधीच बजावलं होतं, गाऱ्हाणं घाला, पण आभार मानू नका! नाना मांडवाच्या मधोमध उभे राहिले, नारळ दोन्ही हातांनी वर धरला आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे जा वाजाप मांडलेला आसा, ता तू मान्य करून घी रे म्हाराजा!"

सगळा मांडव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"

"कोणाची तार तुटात, कोणाचो हात चुकात, तर ता तू सांभाळून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण मधीच टाळी वाजवीत, तेका तू वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी उभी राहिले, सगळ्यांकडे एकदा नजर टाकली. हाताची घडी, तोंडावर बोट. बसले सगळे.

आणि मोठी सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! आम्ही तसं कधी वाजवलं नव्हतं आणि परत कधी वाजवू की नाही कोण जाणे. पहिला भाग गेला. टाळी नाही. दुसऱ्यात सोनूबुवांनी उत्तर दिलं, पण हळू, इतकं हळू की भिकाजीबुवांनी वळून पाहिलं. तिसरा गेला. चौथ्यात उज्ज्वला गडगडली आणि एक बाई उठली नाही! अण्णा आमच्या बोटांकडे, तोंडांकडे बघत होते, पुढे वाकून. काय ऐकू येत होतं, काय नाही, देवाला ठाऊक. पहिल्या रांगेत काकी, मांडीवर मशीनचा डबा.

शेवट आला. पहिला घाव! सगळ्यांचा एकत्र, खणखणीत! अण्णांनी काठी दोन्ही हातांनी वर धरली आणि थांबले. ती मोकळी जागा. एक श्वास नाही.

आणि सगळा मांडव, तोंडावर बोट ठेवूनच, एका आवाजात,

"व्हय म्हाराजा!"

 लोकच नाहीत हो, आम्हीसुद्धा! बबलो, उज्ज्वला, दाजी तोंडातून सनई काढून! आणि भिकाजीबुवा आणि सोनूबुवा, जन्मात पहिल्यांदा, एकाच क्षणाला! टाळी वाजवू नका म्हणून मी वर्षभर ओरडत होते, पण गाऱ्हाण्यातल्या नानांसारखं कुणी हात वर धरून थांबलं तर गप बसा, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! संपलं, मला वाटलं. ह्या वेळीही गेली.

अण्णा हलले नाहीत. काठी तशीच वर. मग सावकाश लोकांकडे वळले. सगळ्या मांडवावरून एक नजर फिरवली. आणि आमच्याकडे पाठ तशीच ठेवून त्यांनी काठी खाली आणली. दुसरा घाव! आम्ही कसे एकत्र आलो माहीत नाही, पण आलो. काठी परत वर गेली, आणि ह्या वेळी अण्णांनी डाव्या हाताने लोकांना इशारा केला, जसा आम्हाला करतात तसा.

"व्हय म्हाराजा!"

तळ्यापलीकडून आवाज परत आला.

शेवटचा घाव. आणि त्याच्यावर तिसरं, सगळ्यात मोठं, "व्हय म्हाराजा!" त्यात अण्णांचा आवाजही होता.

मग शांत. टाळी कुणी वाजवेना, कारण मान हलवायची होती मी, आणि मी पदराने डोळे पुसत बसले होते. सगळं गाव घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेलं. अण्णा परत आमच्याकडे वळले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, समोरच्या कागदांचं शेवटचं पान घेतलं आणि मोकळ्या जागांमध्ये काहीतरी लिहिलं. मी मान उंचावून पाहिलं. लिहिलं होतं, 'व्हय म्हाराजा. सगळे.'

पहिल्या रांगेतून काकी उठल्या. डबा उंच धरला आणि नेहमीसारख्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अवो ऽऽ! झाली मां मोठी? आता तरी मशीन लावतल्यात?"

अण्णा वळलेसुद्धा नाहीत. पेन्सिल परत कानामागे खोचली आणि म्हणाले, "अगो, बोंबलतंस कित्याक? आयकाक येता माका."